यंत्राला दाम द्या, रुईत वाटा नको

कापूस वेचून घरात आला म्हणजे विकायला तयार झाला, असे आपण म्हणतो. पण शेतातून निघालेल्या कापसाला सूतगिरणीच्या दारात कोणी उभे करत नाही. त्याची सरकी निघावी लागते, रुईची गाठ दाबावी लागते, गाठीला बारदान आणि पट्टी लागते. ज्वारीचेही तेच. खळ्यावरची रास पोत्यात भरल्याशिवाय बाजारात जात नाही आणि नीट साठवल्याशिवाय सहा महिने टिकत नाही. शेत आणि बाजार यांच्यामध्ये एक यंत्र उभे आहे आणि एक पोते उभे आहे. ही दोन्ही ज्याच्या ताब्यात, त्याच्या मुठीत आपल्या मालाची मान.

बियाणे, खत, कर्ज, हमीभाव यांवर आपल्या मेळाव्यांत तासन् तास बोलणे होते. जिन, प्रेस आणि बारदान यांवर कोणी बोलत नाही. काट्यावर माल उतरला की आपले काम संपले, पुढचे व्यापाऱ्याचे, अशी आपली समजूत. आता मात्र दिवस बदलले आहेत. जागोजागी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. सरकी काढण्याचे यंत्र घ्यावे, गाठी आपणच बांधाव्यात, ज्वारी साफ करून पिशवीत भरून विकावी, असे बेत होत आहेत. बेत चांगले आहेत. पण यंत्र घ्यायला गेले की माहितीपत्रकावर एक शब्द दिसतो: पेटंट. तो वाचून काही जण दबकतात आणि काही जण भाळतात. दबकणाऱ्याला वाटते, याला हात लावला तर कोर्टकचेरी होईल. भाळणाऱ्याला वाटते, पेटंट आहे म्हणजे यंत्र उत्तमच असणार. दोघांनीही कागद उघडून पाहिलेला नसतो.

या पानांत आम्ही तो कागद उघडणार आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. ज्याने नवे यंत्र शोधले त्याला त्याचा दाम मिळालाच पाहिजे. पण यंत्राचा हक्क यंत्रापाशी थांबला पाहिजे. तो आपल्या रुईत, सरकीत, ज्वारीच्या पोत्यात वाटेकरी म्हणून घुसता कामा नये.

पेटंट म्हणजे सनद, तीही मुदतीची

पेटंट म्हणजे सरकारने शोधकाला दिलेली सनद. सौदा असा: तू तुझा शोध कागदावर पूर्ण उघड कर, कोणत्याही जाणकार कारागिराला तो वाचून तसे यंत्र बनवता येईल असा. बदल्यात ठरावीक वर्षे तुझ्या परवानगीशिवाय दुसरा कोणी ते बनवणार नाही, विकणार नाही. मुदत संपली की शोध सगळ्यांचा.

आज आपल्या देशात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. दरवर्षीची ठरलेली फी भरली नाही, तर पेटंट त्याआधीच पडते. आणि पेटंट देशापुरते असते. अमेरिकेत मिळालेले पेटंट अमेरिकेत चालते. त्याच शोधाचे पेटंट भारतात घेतलेले नसेल, तर इथल्या लोहाराने तसे यंत्र बनवून इथे विकले तरी पेटंटचा कायदा त्याला अडवू शकत नाही.

भारतात असा पहिला कायदा १८५६ साली इंग्रजांनी केला. त्याखाली पहिल्याच वर्षी जो शोध नोंदला गेला तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा! आज चालतो तो कायदा १९७० सालचा, २० एप्रिल १९७२ पासून लागू झालेला आणि नंतर अनेकदा दुरुस्त केलेला. त्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळणार नाही याची यादी आहे. शेती करण्याची पद्धत त्या यादीत आहे. परंपरेने चालत आलेले ज्ञानही त्या यादीत आहे. पेरणी कशी करावी याचे पेटंट कोणाला घेता येत नाही. शेतमाल घराबाहेर पडला, यंत्रात गेला, पिशवीत गेला की मात्र पेटंटांचे कुंपण सुरू होते. म्हणून हा विषय आपला आहे.

पाच शेरांत एक शेर

कापसाच्या यंत्राचे जगातले सर्वांत गाजलेले पेटंट अमेरिकेतल्या एली व्हिटनीचे. हा येल कॉलेजात शिकलेला तरुण १७९२ साली दक्षिणेत जॉर्जियाला आला. तिथे पिकणारा आखूड धाग्याचा कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असे. आपल्याकडच्या रेच्यासारखे दोन रुळांचे यंत्र तिकडेही होते, पण ते गुळगुळीत सरकीच्या लांब धाग्यावर चाले. केसाळ सरकीच्या कापसावर त्याचे काम होत नसे. व्हिटनीने फिरत्या रुळाला तारेचे दात लावले. दात रुई ओढून घेत, जाळीच्या फटीतून सरकी जात नसे, आणि मागून फिरणारा कुंचला दातांवरची रुई झाडून काढी. अर्ज १७९३ सालचा, पेटंट १४ मार्च १७९४ चे, मुदत १४ वर्षांची.

इथपर्यंत सगळे ठीक. बुद्धी त्याची, श्रम त्याचे. पुढे काय झाले ते नीट पाहू. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनिअस मिलर यांनी ठरवले की यंत्र कोणाला विकायचेच नाही. जिन आपणच घालायच्या आणि शेतकऱ्याने कापूस तिथे आणायचा. त्यांनी जाहिरात दिली: सरकीसकट पाच पौंड कापूस द्या, एक पौंड साफ रुई न्या.

हिशेब आपल्या मापाने मांडून पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ किलो रुई निघते. व्हिटनीच्या दराने शेतकऱ्याच्या हातात २० किलो. उरलेली १३ किलो जिनवाल्याची. शंभरातले चाळीस! नांगरट, पेरणी, खुरपणी, वेचणी करणाऱ्याला साठ, आणि सरकी काढणाऱ्याला चाळीस. असा वाटा तर आपल्याकडच्या खोतानेही उघडपणे मागायला दोनदा विचार केला असता.

तिथले मळेवाले ऐकतात थोडेच. यंत्र इतके सोपे होते की एकदा पाहिले की गावचा लोहार तसे बनवी. जिकडेतिकडे नकली जिन उभ्या राहिल्या. व्हिटनीचा न्यू हेवनचा कारखाना १७९५ साली जळाला, त्यामुळे मागणी वाढत असताना त्याला यंत्रे पुरवताही आली नाहीत. हॉजेन होम्स नावाच्या कारागिराने तारेच्या दातांऐवजी करवतीच्या चकत्या बसवल्या आणि १७९६ साली आपले वेगळे पेटंट घेतले. व्हिटनी दाव्यांमागून दावे लावत राहिला. जॉर्जियातल्या ज्यूरी त्याच्या बाजूने निकाल देईनात. खुद्द कायद्यातच त्रुटी होती, ती १८०० साली दुरुस्त झाली. शेवटी १८०७ साली न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी त्याचा हक्क मान्य केला, तेव्हा पेटंटची मुदत संपत आली होती. १८१२ साली त्याने मुदतवाढ मागितली, ती तिथल्या काँग्रेसने दिली नाही.

पैसे त्याला मिळाले ते वेगळ्या वाटेने. साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाने १८०१ साली ५०,००० डॉलर देऊन आपल्या राज्यापुरता यंत्राचा हक्क विकत घ्यायचे ठरवले. नॉर्थ कॅरोलायनाने प्रत्येक जिनवर करवतीमागे काही वर्षे कर बसवून ती रक्कम त्याला दिली. म्हणजे रुईतला वाटा सोडून यंत्राचा दाम मागितला, तेव्हा दाम मिळाला. वाटा मागितला तेव्हा चोरी, कज्जे आणि दिवाळखोरी पदरात आली.

या गोष्टीची दुसरी बाजूही लपवायची नाही. व्हिटनीशी भांडणारे मळेवाले आपल्यासारखे कोरडवाहू शेतकरी नव्हते. त्यांच्या शेतात कापूस वेचत होते गुलाम. सरकी काढायचे काम झटपट होऊ लागले तसा कापूस परवडू लागला, आणि कापूस परवडू लागला तसा गुलामांचा बाजार वाढला. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते जवळजवळ ४० लाख झाले होते. यंत्र आले म्हणजे राबणाऱ्याचे भले होतेच, असे समजू नये. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि माल कोणाच्या मालकीचा, यावर भले-बुरे ठरते.

मुदत संपलेले पेटंट आपल्या जिनमध्ये फिरते आहे

आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक जिनमध्ये करवतीचे यंत्र नाही, दोन रुळांचे यंत्र आहे. चामड्याचा खरखरीत रूळ रुई धरून ओढतो, रुळाला टेकलेले स्थिर पाते सरकीला अडवते, आणि हलणारे पाते सरकीला ठोके देऊन खाली पाडते. ही युक्ती अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीची. त्याने १८४० साली तिचे पेटंट घेतले होते. करवतीने धागा तुटतो, रुळाने कमी तुटतो, म्हणून ही युक्ती आपल्या मुलखात रुजली.

आज मॅकार्थीच्या वारसांना कोणी एक पैसा देत नाही आणि देण्याचे कारणही नाही. मुदत केव्हाच संपली. त्या मूळ युक्तीवर इथल्या कारखानदारांनी, फिटरांनी, मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सुधारणा केल्या. दोन रूळ आले, आपोआप कापूस टाकण्याची सोय आली, जिनमधून रुई हवेच्या नळीने प्रेसपर्यंत नेण्याची सोय आली. आज नागपुरात बनलेली जिनिंगची यंत्रे परदेशी जातात.

पेटंटच्या कायद्यातला सर्वांत कामाचा भाग हाच. मुदत संपलेल्या शोधांचा ढीग रोज वाढतो आहे. गाठी दाबण्याचे प्रेस, धान्य चाळण्याची यंत्रे, पोते शिवण्याची यंत्रे, डाळ भरडण्याच्या चक्क्या, यांतल्या मूळ युक्त्या कधीच मोकळ्या झाल्या आहेत. त्यांचे नकाशे पेटंटच्या कागदपत्रांत छापलेले आहेत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. आपल्या गावातला आयटीआय झालेला पोरगा ते वाचू शकतो. विक्रेता ज्याला 'खास तंत्रज्ञान' म्हणतो, त्यातले किती आजोबांच्या काळचे आहे, ते त्या पोराला शोधायला सांगा.

'एकदाच वापरण्याचा परवाना'

यंत्रानंतर बांधणी. गाठ दाबली की ती फुटू नये म्हणून लोखंडी पट्टी लागते आणि पट्टीची टोके अडकवायला एक कडी लागते. एवढीशी कडी! पण अमेरिकेत तिच्यावरही पेटंटे होती आणि ती एका कंपनीच्या हातात होती. नाव अमेरिकन कॉटन-टाय कंपनी. कंपनी प्रत्येक कडीवर अक्षरे उठवी: 'एकदाच वापरण्याचा परवाना.'

गाठ गिरणीत पोचली की पट्ट्या कापल्या जात. तुकडे आणि कड्या भंगारात विकल्या जात. ऱ्होड आयलंडमधल्या काही लोकांनी ते भंगार विकत घेतले, पट्टीचे तुकडे सरळ करून रिबिटांनी जोडले, मापाने कापले आणि जुन्या कड्यांसकट पुन्हा गाठींसाठी विकायला काढले. कंपनीने दावा लावला. १८८२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भंगार दाम मोजून घेतले होते, तरी ते जोडून पुन्हा गाठीला बांधणे म्हणजे पेटंटचा भंग, असे ठरले.

पट्टी स्वस्त झाली असती तर तो फायदा शेवटी कोणापर्यंत पोचला असता? बांधणीचा खर्च कापसाच्या भावातूनच वजा होतो. आडत, हमाली, तोलाई, कडता यांच्या रांगेत तो उभा असतो. आपल्याला तो दिसत नाही, कारण त्याची वेगळी पावती मिळत नाही.

बारदानाची गोष्ट तर याहून बोलकी आहे, आणि तिथे पेटंटचीही गरज पडली नाही. १८८८ साली अमेरिकेतल्या तागाचे बारदान बनवणाऱ्यांनी आपसांत संगनमत केले. वाराला सुमारे ७ सेंट असलेला भाव १२ सेंटांच्या वर नेला. हंगाम तोंडावर आलेला, कापूस शेतात फुटलेला, बारदानाशिवाय गाठ विकत नाही. शेतकऱ्याची मान बरोबर सापडली. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने, फार्मर्स अलायन्सने, ठराव केला: ताग घ्यायचाच नाही, आपल्याच कापसाच्या जाड्याभरड्या कापडात गाठी बांधायच्या. १८८९ साली अटलांटाच्या प्रदर्शनात दोन जोडप्यांनी त्याच बारदानाच्या कापडाचे कपडे घालून लग्न लावले.

यात एक मेख होती. लिव्हरपूलच्या बाजारात बारदानाचे वजन म्हणून जो कडता कापत, तो जड तागाच्या हिशेबाने ठरलेला होता. कापसाचे बारदान हलके. म्हणजे हलके बारदान लावणाऱ्याच्या रुईचेच वजन कापले जाई! अलायन्सला त्यासाठीही बाजारांशी भांडावे लागले. पण शेतकरी हटले नाहीत. तागवाल्यांचे संगनमत मोडले, भाव उतरले. कापूस पिकवणाऱ्याने कापसाचेच बारदान वापरून ही लढाई मारली, हे विसरू नका. आणि बारदानाची सक्ती ही काही फक्त तिकडची गोष्ट नाही. आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखर तागाच्या पोत्यात भरण्याची सक्ती सरकार लादू शकते आणि लादतेही. पेटंट नसले तरी एकाधिकार हा एकाधिकारच. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यंत्र भाड्याने, मीठ आमच्याकडूनच

पेटंटवाल्याची तिसरी तऱ्हा सर्वांत सावध राहण्याची. यंत्र स्वस्तात द्यायचे, भाड्यानेही द्यायचे, पण अट घालायची: त्यात लागणारा माल आमच्याकडूनच घ्या.

अमेरिकेतल्या सपिगर कंपनीकडे एका यंत्राचे पेटंट होते. भाजीपाला डब्यात भरताना प्रत्येक डब्यात मिठाची एक गोळी टाकणारे यंत्र. डबे भरणाऱ्या कारखान्यांना ते भाड्याने देताना अट होती की गोळ्या कंपनीच्याच घ्यायच्या. मिठाचे पेटंट कोणाकडे असणार? पण यंत्राच्या पेटंटच्या आडोशाने मिठाचा बाजार बांधून घेतला होता. मॉर्टन सॉल्ट कंपनीने तशाच कामाचे यंत्र काढले, तेव्हा सपिगरने पेटंटभंगाचा दावा लावला. १९४२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. कोर्टाचे म्हणणे असे की जो पेटंटच्या जोरावर पेटंटबाहेरच्या मालाचा व्यापार आवळतो, त्याच्या मदतीला न्यायालय येणार नाही. पुढे १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने डबे बनवणाऱ्या एका बलाढ्य कंपनीलाही अडवले. डब्याचे झाकण बसवण्याची यंत्रे कमी भाड्याने द्यायची आणि डबे पाच-पाच वर्षे आपल्याकडूनच घ्यायला लावायचे, हा तिचा धंदा होता.

आपल्या कायद्यातही हा दरवाजा बंद आहे, पण किती जणांना ठाऊक आहे? १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १४० सांगते की पेटंटची वस्तू विकताना किंवा भाड्याने देताना, 'पेटंटबाहेरची दुसरी वस्तू आमच्याकडूनच घे' किंवा 'दुसऱ्याकडून घेऊ नकोस', अशी अट घालता येणार नाही. पेटंटच्या खरेपणाला आव्हान देऊ नकोस अशी अटही घालता येणार नाही. घातली तरी ती रद्दबातल. एखाद्या गटापुढे पिशव्या भरण्याच्या यंत्राचा करार आला आणि पिशव्यांचा कागदही आमचाच घ्या असे त्यात लिहिलेले असले, तर या कलमावर बोट ठेवा.

नंबर दाखवा

पेटंटच्या नावाने पैसे कसे निघतात याचा अनुभव कापूसवाल्यांना बियाण्यात आला आहे. बीटी बियाण्याची पहिली पिढी २००२ साली आली. त्या जनुकाचे भारतात पेटंटच नव्हते, तरी पाकिटामागे तंत्रज्ञानाचे शुल्क आकारले गेले. पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे गेले. २००६ साली आंध्र सरकारने तक्रार केली तेव्हा भाव साडेसातशेवर आले. दुसऱ्या पिढीचे पेटंट होते, त्याची मुदत २०१९ साली संपली, आणि २०२० च्या हंगामापासून केंद्र सरकारने शुल्क शून्यावर आणले. नव्या बियाण्याला आमचा विरोध नव्हता आणि नाही. पण दाम कशाचा मोजतो आहोत हे पाकीट घेणाऱ्याला कोणी सांगितले होते?

यंत्राच्या बाबतीत तीच चूक नको. विक्रेता 'पेटंट आहे' म्हणाला की आधी नंबर मागा. नंबराशिवाय नुसता 'पेटंट' हा शब्द यंत्रावर छापला, तर तेवढ्याने तुम्हाला पेटंटची जाणीव होती असे कायदा धरत नाही. पेटंट नसताना पेटंट आहे असे सांगून माल विकणे हा कलम १२० खाली दंडाचा विषय आहे. आणि उगाच पेटंटभंगाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम १०६ खाली उलट न्यायालयात जाता येते.

पेवाचे ज्ञान कोणाचे?

आता ज्वारीकडे येऊ. हवाबंद पिशव्यांचा सध्या बोलबाला आहे. आत प्लास्टिकचे एक-दोन थर, बाहेर विणलेले पोते. तोंड घट्ट बांधले की आतले सोंडे आणि किडे आतली हवा संपवतात, मग त्यांचे खाणे थांबते आणि ते मरतात. औषधाची गोळी टाकावी लागत नाही. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीसाठी या पिशव्यांवर काम सुरू केले. काम चांगले आहे, पिशव्या उपयोगाच्या आहेत. वापराव्यात.

पण ही विद्या नवी आहे का? आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचा थर, तोंड मातीने लिंपलेले. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत जायचे नाही, कारण माणूसही विझेल. दाण्याने आणि किड्यांनी आतली चांगली हवा संपवलेली असते, हे आपल्या पणज्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. तेच तत्त्व आज पिशवीत आहे. पिशवीचा नवा पडदा कोणी शोधला, तिचे तोंड बंद करण्याची नवी युक्ती कोणी काढली, तर त्या पडद्याचे, त्या युक्तीचे पेटंट त्याने खुशाल घ्यावे. हवा कोंडून धान्य राखण्याच्या तत्त्वावर मात्र कोणाला मालकी सांगता येणार नाही.

हे नुसते बोलणे नाही. हळदीने जखम भरते याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करवून घेतले. कागद होता म्हणून जमले. पेवाची, बळदाची, कणगीची, निंबाच्या पाल्याची माहिती आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ती लिहून, छापून ठेवली पाहिजे. भारतात पेटंट देण्यापूर्वी त्याला लेखी हरकत कोणीही घेऊ शकतो, शेतकरीसुद्धा. पण हरकतीला पुरावा लागतो आणि पुरावा कागदावर लागतो.

आपल्या शोधकालाही दाम हवा

पेटंट म्हणजे सगळी लूट, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे, टाळ्याही मिळतात. पण गुजरातची गोष्ट ऐका. तिथल्या कोरडवाहू भागात देशी कापसाचा असा वाण आहे की त्याचे बोंड पूर्ण उमलत नाही. बोंड तोडून घरी आणायचे आणि बायकापोरांनी बसून नखांनी कापूस काढायचा, असे चाले. बोटे सोलून निघत. मनसुखभाई पटेल या कारागिराने बोंडातून कापूस काढणारे यंत्र बनवले. त्याला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. त्या कारागिराच्या युक्तीची नक्कल एखाद्या मोठ्या कारखान्याने करून त्याला रस्त्यावर आणावे, हे आपल्याला चालेल का? नाही चालणार. मग परक्या शोधकाच्या दामालाही नाही म्हणता येणार नाही. घामाला दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या डोक्याला फुकट राबवू नये. फरक एवढाच करायचा की दाम यंत्राचा, एकदा ठरलेला, मुदतीपुरता.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी गटाने पाच प्रश्न विचारावेत. पेटंटचा नंबर काय आणि ते भारतातले आहे का? मुदत केव्हा संपते आणि फी भरलेली आहे का? पेटंट पूर्ण यंत्राचे आहे की एखाद्या भागाचे? मोबदला पैशात एकरकमी आहे, की क्विंटलमागे, गाठीमागे, मालातल्या वाट्याने? आणि सुटे भाग, बारदान, पट्टी, पिशवी बाहेरून घेण्याची मोकळीक आहे का? चौथ्याचे उत्तर 'मालातल्या वाट्याने' असेल, तर पाच शेरांत एक शेर आठवा आणि कागद परत द्या.

सरकारकडे आमच्या मागण्या तीन. पेटंट कार्यालयाची कागदपत्रे, निदान जिनिंग, धान्य साठवण आणि बांधणी यांपुरती, मराठीत उपलब्ध करा. मुदत संपलेल्या उपयोगी यंत्रांचे नकाशे आयटीआय आणि कृषी विद्यापीठांतून शेतकऱ्यांच्या गटांना द्या. पेटंट मिळून तीन वर्षे झाली, तरी ज्याचे यंत्र परवडणाऱ्या भावात मिळत नाही किंवा देशात चालवलेच जात नाही, त्याचा परवाना सक्तीने दुसऱ्याला देण्याची तरतूद कायद्यात आहे. २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली. शेतमालाच्या यंत्रासाठी गरज पडली, तर तिथेही वापरा.

आणि आपल्याकडे काम एकच. जिल्हा मेळाव्यात ही पाने हातात पडतील, तेव्हा प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातल्या एका जिनची, एका गोदामाची माहिती लिहून आणायची: सरकी काढण्याचा दर काय, उतारा किती लागतो, गाठीच्या बारदानाचा आणि पट्टीचा खर्च किती आणि तो कोणाच्या खात्यावर पडतो. पुढच्या बैठकीत हे सगळे आकडे एका फळ्यावर लिहू आणि मग कोणाशी काय बोलायचे ते ठरवू.